डेक्कन रेडिओ आणि मराठवाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या रेडिओचा इतिहास सांगायला बसलं की लोक मुंबईपासून सुरुवात करतात, पुण्याला थांबतात आणि तिथेच संपवतात. मराठवाड्याचा रेडिओ मात्र त्या वाटेनं आला नाही. तो हैदराबादहून आला, उर्दू बोलत आला आणि निजामाच्या सरकारी खात्यातून आला. हा भाग इतिहासातून गळतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुन्या रेडिओंविषयी मी लिहितो-बोलतो तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

डेक्कन रेडिओ म्हणजे नेमकं काय?

हैदराबाद संस्थानचं रेडिओ केंद्र. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद शहरात चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या गृहस्थांनी खासगी पातळीवर प्रक्षेपण सुरू केलं होतं. ट्रान्समीटर फक्त 200 वॅटचा होता, म्हणजे शंभरच्या दोन बल्बांना लागते तेवढीच वीज. 3 फेब्रुवारी 1935 पासून हे केंद्र निजाम सरकारच्या ताब्यात गेलं आणि 'डेक्कन रेडिओ' या नावानं चालू लागलं. लोक त्याला सरळ 'निजाम रेडिओ' म्हणत. पुढे केंद्राचा कारभार खैरताबाद भागातल्या यावर मंझिल या इमारतीत गेला आणि शहराबाहेर सरूरनगरला मोठा ट्रान्समीटर उभा राहिला.

तारीख नीट बघा. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव देशात 8 जून 1936 ला आलं. निजामाचं सरकारी केंद्र त्याच्या सव्वा वर्ष आधीपासून चालू होतं.

मग त्याचा मराठवाड्याशी संबंध काय?

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. (जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे फार नंतरचे. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव.) आपली राजधानी हैदराबाद, कोर्टकचेरीची भाषा उर्दू, खिशातलं नाणं हाली. संस्थानाबाहेरचे लोक आपल्या मुलखाला 'मोगलाई' म्हणायचे ते यामुळेच. तेव्हा संस्थानचा रेडिओ म्हणजे आपलाही रेडिओ, आपल्याला तो आपला वाटो न वाटो.

ऐकणारे किती होते, हा वेगळा मुद्दा आहे. खेड्यात वीज नव्हती. सेट असायचा तो देशमुखाच्या वाड्यात, एखाद्या वकिलाकडे, मोंढ्यातल्या आडत्याकडे किंवा सरकारी अंमलदाराच्या बंगल्यात. तोही कोरड्या बॅटरीवर चालणारा, आणि ती बॅटरी संपली की नवी येईपर्यंत सेट मुका. पण एका सेटभोवती ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसत. त्यामुळे 'सेट किती' यावरून 'श्रोते किती' हे त्या काळात सांगता येत नाही.

मराठी कार्यक्रम लागायचे का?

लागायचे. केंद्राची मुख्य भाषा उर्दू होती, पण तेलुगू, मराठी, कानडी आणि इंग्रजीलाही वेळ दिलेला होता. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. तरीही रेडिओचा सिंहाचा वाटा उर्दूला होता. मराठी शाळांची, मराठी वाचनालयांची जी कुचंबणा संस्थानात झाली, तीच हवेतही झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्याकडच्या जुन्या पिढीला गझल, कव्वाली आणि शेरोशायरीची जी जाण होती, तिच्यात शाळेतल्या उर्दूबरोबर या रेडिओचाही हात आहे. धोतर-टोपीतले, वारी करणारे आजोबा गालिबचा शेर अचूक उच्चारात म्हणत, हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला नवल वाटतं. इथल्या माणसाला वाटत नाही.

'411 मीटर' हा आकडा जुनी माणसं का सांगतात?

ती हैदराबादची लांबी. तेव्हा केंद्र ओळखायचं ते वारंवारितेवरून कमी आणि तरंगलांबीवरून जास्त. हैदराबाद 730 किलोहर्ट्झवर होतं आणि त्याची तरंगलांबी जवळपास 411 मीटर भरते. 3,00,000 ला (रेडिओलहरींचा सेकंदाचा वेग, किलोमीटरमध्ये) 730 नं भागून पाहा, उत्तर तेच येईल.

या आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. मीडियम वेव्हचा, म्हणजे हैदराबाद ज्या पट्ट्यात लागायचं त्या पट्ट्यातला, मनोरा साधारण तरंगलांबीच्या पाव हिश्श्याइतका उंच ठेवतात. 411 चा पाव हिस्सा सुमारे 103 मीटर. एफएमसारखा इमारतीच्या गच्चीवर बसवलेला अँटेना इथे चालत नाही. म्हणून मीडियम वेव्हची ट्रान्समीटर केंद्रं गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर असतात, मनोऱ्याच्या बुडाशी जमिनीत तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात, आणि स्टुडिओ मात्र वस्तीत असतो.

औरंगाबादला निजामाच्या काळात रेडिओ केंद्र होतं, हे खरं का?

अगदी खरं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. 1947 मध्ये स्वतंत्र भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्याशिवाय संस्थानांची स्वतःची पाच केंद्रं होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. पुण्याला केंद्र आलं 1953 च्या 2 ऑक्टोबरला. म्हणजे पुण्याच्या आधी औरंगाबादेतून रेडिओ बोलत होता.

हैदराबादपासून औरंगाबाद सरळ रेषेतही सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. राजधानीचा आवाज दिवसा तिथवर नीट पोचणं अवघडच. दुसरं केंद्र टाकण्यामागे हे कारण असणार, असा माझा अंदाज आहे.

हे केंद्र पुढे टिकलं नाही. आकाशवाणीकडे आल्यावर पन्नाशीच्या दशकातच ते बंद झालं. नंतर जवळजवळ दोन दशकं मराठवाड्याच्या या सर्वांत मोठ्या शहराला स्वतःचा रेडिओ नव्हता. आज छत्रपती संभाजीनगरला जे आकाशवाणी केंद्र आहे, ते सत्तरच्या दशकातलं. अनेक जण ही दोन केंद्रं एकच समजतात. तसं नाही.

17 सप्टेंबर 1948 ला डेक्कन रेडिओवर काय झालं?

या केंद्राच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो. सविस्तर सांगतो.

हैदराबाद संस्थान तोवर भारतात सामील झालेलं नव्हतं. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. एक मोठी फळी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आली. दुसऱ्या तुकड्या औरंगाबादच्या बाजूनं उतरल्या. नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात आला, तुळजापूर आलं, मग औरंगाबाद, जालना. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांतच मराठवाड्याचा मोठा भाग निजामाच्या हातून निसटला होता. पण हैदराबाद शहर अजून त्याच्याच हातात होतं, आणि रेडिओही.

त्या काळात रेडिओ म्हणजे सत्तेचा घसा. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याची प्रक्षोभक भाषणं अवघ्या संस्थानानं सोसली होती. हा रझवी लातूरला वकिली करायचा, म्हणून आमच्याकडे त्याच्या नावाची धग जास्त. रझाकारांच्या भीतीनं सीमेवरच्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड अशा संस्थानाबाहेरच्या गावांत जाऊन राहिली होती. मुक्तिसंग्रामाचे कॅम्पही त्याच पट्ट्यात. आत काय चाललंय हे कळायला बातमी हवी होती, आणि प्रत्येक बातमीला दोन बाजू होत्या: हैदराबादची एक आणि दिल्ली-मुंबईची एक.

17 तारखेला निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. भारत सरकारचे एजंट जनरल, म्हणजे प्रतिनिधी, कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेतच होते. निजामानं स्वतः रेडिओवरून बोलावं, असा त्यांचा आग्रह होता. निजाम मीर उस्मान अली खान त्याआधी कधी रेडिओवर बोललेला नव्हता. त्या संध्याकाळी तो केंद्रावर आला आणि माइकसमोर बसून त्यानं युद्धबंदी जाहीर केली. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची त्याच दिवशी तुरुंगातून सुटका झाली. दुसऱ्या दिवशी संस्थानचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली.

आज 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, झेंडावंदन होतं, हुतात्मा स्मारकांवर फुलं वाहिली जातात. मला दरवर्षी वाटतं, शाळेतल्या कार्यक्रमात हेही सांगावं की ती बातमी बहुतेक गावांत आधी कानानं आली. हुकूमनामा नाही, दवंडी नाही. सेटजवळ बसलेल्या कुणीतरी ऐकलं, तो उठून पारावर गेला आणि त्यानं सांगितलं. ते ऐकणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

डेक्कन रेडिओ आकाशवाणीत कधी गेला?

1 एप्रिल 1950 ला. हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं तेव्हा केंद्र सरकारकडे आली.

त्यानंतर मराठवाड्यानं काय ऐकलं?

जे लागेल ते! दिवसा थोडं, रात्री भरपूर. हैदराबाद होतंच, पुणे आलं, विविध भारती आली (3 ऑक्टोबर 1957), हिंदी गाण्यांसाठी रेडिओ सिलोन होताच. आणि मुंबई. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. राजधानी बदलली तशी रेडिओची सुईही हैदराबादवरून मुंबईवर सरकली. ही सरक एका दिवसात झाली नाही. एकाच घरात आजोबा हैदराबाद लावायचे आणि नातवंडं मुंबई.

मुंबईचं केंद्र देशातल्या रीतसर प्रसारणाचं पहिलं केंद्र. 23 जुलै 1927 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ते सुरू झालं, 1.5 किलोवॅटचा ट्रान्समीटर घेऊन. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी 1930 मध्ये बुडाली आणि सरकारला ते हाती घ्यावं लागलं. पुढे मुंबईहून लागणाऱ्या 'पुन्हा प्रपंच'नं आमच्याकडच्या घरांना वेड लावलं होतं. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. चाळ कशी असते हे न पाहिलेली आमच्याकडची माणसं त्या तिघांच्या आवाजावरून मुंबईतलं घर डोळ्यांपुढे उभं करत.

रात्री लांबची केंद्रं स्वच्छ लागायची आणि दिवसा का नाही?

मीडियम वेव्हच्या लहरी दोन वाटांनी जातात. एक वाट जमिनीलगतची. ती दिवसरात्र सारखीच, पण अंतर वाढलं की क्षीण होते. दुसरी वाट आकाशातली. वर गेलेल्या लहरी वातावरणाच्या विद्युतभारित थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. दिवसा उन्हामुळे साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आणखी एक थर तयार होतो, तो या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची केंद्रं उतरू लागतात.

म्हणूनच दिवेलागणीला केंद्र हळूहळू 'वर येतं'. आवाज मध्येच मोठा, मध्येच बारीक होतो, ती या दोन वाटांची आपसातली ओढाताण. विजांच्या पावसात होणारी खरखरही साहजिक आहे. मीडियम वेव्हवर वापरतात त्या एएम पद्धतीत आवाज लहरीच्या उंचीत बांधलेला असतो, आणि वीज कडाडली की तीच उंची हलते. पावसाळ्याच्या तोंडाला, वळवाच्या दिवसांत, आमच्या भागात रेडिओ ऐकणं म्हणजे परीक्षा असे.

ट्रान्झिस्टर फिरवला की आवाज का वाढायचा?

रेडिओच्या पोटात काळ्या रंगाची एक कांडी असते, तिच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी म्हणजेच मीडियम वेव्हची एरिअल. तिची कूस केंद्राकडे असली की आवाज सर्वांत मोठा, टोक केंद्राकडे झालं की अगदी बारीक. वर ओढायची स्टीलची दांडी मीडियम वेव्हला काही कामाची नाही, ती शॉर्ट वेव्ह आणि एफएमसाठी. दांडी ताणून ताणून मोडणारे पुष्कळ पाहिले. खरं तर सेट बाजेवर नुसता थोडा फिरवला असता तरी काम झालं असतं.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटांना ही कांडी बहुधा नसे. त्यांना बाहेरून एरिअल लागे. माळवदावर दोन वासे रोवून त्यांच्यात तार ताणायची, नाहीतर खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी लावायची. अर्थिंगची तार मात्र न्हाणीजवळच्या ओल्या जमिनीत.

रेडिओला लायसन्स लागायचं हे खरं का?

हो. पोस्टातून काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून नवं करावं लागे. छोटं पुस्तक असायचं, त्यात तिकिटं चिकटवून त्यावर पोस्टाचा शिक्का. घरमालकाचं नाव, गाव, सेटची कंपनी असा सगळा तपशील त्यात. 1980 च्या दशकात ही पद्धत रद्द झाली. जुन्या ट्रंकेत असं पुस्तक सापडलं तर रद्दीत टाकू नका. तुमच्या गावात रेडिओ केव्हा आला याचा याहून पक्का पुरावा मिळणार नाही.

मराठवाड्याचं स्वतःचं केंद्र परभणीला कसं आलं? औरंगाबादला का नाही?

परभणी केंद्र 1968 चं. नकाशा पाहिला तर परभणी मराठवाड्याच्या बऱ्यापैकी मध्यावर पडतं. मीडियम वेव्हचं वर्तुळ तिथून काढलं की नांदेड, हिंगोली, बीड, जालना, लातूर सगळं त्यात येतं. तो हरितक्रांतीचा काळ होता. संकरित ज्वारी, कापसावरची फवारणी, खताच्या मात्रा शेतकऱ्यापर्यंत पोचवायच्या होत्या, आणि त्यासाठी सरकारचा भर रेडिओवर होता. मराठवाडा कृषी विद्यापीठही पुढे 1972 मध्ये परभणीलाच आलं.

पण माझ्या लेखी परभणीचं मोठेपण शेतीसल्ल्यापुरतं नाही. हैदराबादनं आपल्याला उर्दू ऐकवली, मुंबई-पुण्यानं त्यांची मराठी ऐकवली. आमची मराठी, 'काहून', 'लई' आणि 'आलो की ओ' म्हणणारी, पहिल्यांदा हवेत गेली ती परभणीवरून. गोंधळ, भारुड, वासुदेव, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया स्टुडिओत आल्या. आणि फर्माइशीच्या कार्यक्रमात जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड अशी गावांची नावं एकामागून एक वाचली जायची. आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकण्यासाठी पोस्टकार्ड टाकून आठवडेच्या आठवडे वाट पाहणारी माणसं होती. गाणं कोणतं लागलं याला फार महत्त्व नसे. निवेदकानं गावाचं नाव बरोबर उच्चारलं की नाही, यावर दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर चर्चा व्हायची.

सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी धून कुणाची?

वॉल्टर कौफमन यांची. हे चेकोस्लोव्हाकियातून आलेले ज्यू संगीतकार, हिटलरच्या छळापासून दूर भारतात आले आणि मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन अशी तिची रचना. सुरांत शिवरंजनीची छाया आहे.

हैदराबाद आज कुठे लागतं?

मीडियम वेव्हवर 738 किलोहर्ट्झ ही आकाशवाणी हैदराबादची ओळखीची जागा, जुन्या 730 च्या अगदी शेजारची. परभणीची जागा 1305, औरंगाबादची 1521, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची 558. या प्रत्येक आकड्याला 9 नं भाग जातो. 1978 पासून मीडियम वेव्हवरची केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवलेली आहेत.

अलीकडे देशभरात मीडियम वेव्हचे अनेक ट्रान्समीटर बंद झाले, कार्यक्रम एफएमवर आणि मोबाइलवर गेले. आवाज स्वच्छ झाला हे मान्य. पण एफएमचा आवाज नजरेच्या टप्प्याइतकाच जातो. बालाघाटाच्या कुशीतल्या, डोंगराआडच्या वाडीला तो मिळेलच असं नाही. मोबाइलला तर मनोरा लागतो, चार्जिंग लागतं. पूर आला, लाइट गेली, टॉवर पडला, तर दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टरच उपयोगी पडतो. त्यामुळे मीडियम वेव्ह पूर्ण बंद करणं मला पटत नाही. निदान प्रत्येक विभागात एक तरी दणकट ट्रान्समीटर चालू राहायला हवा.

आमच्या वाड्यात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. तो लावून बघू का?

थेट प्लगमध्ये घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटातले कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम वीज मिळाली की ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. चेसिसचा, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याचा, शॉकही बसू शकतो. आधी मागचा पुठ्ठा उघडून धूळ ब्रशनं झटका, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा, मग जाणत्या कारागिराकडून कंडेन्सर बदलून घ्या. काचेवर गावांची नावं छापलेली असतील तर ती ओल्या फडक्यानं पुसू नका, अक्षरं निघून येतात.

आणि कारागिराकडे नेण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्याच्याशेजारी बसवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: हा कुणी आणला, कुठून आणला, त्यावर पहिल्यांदा काय ऐकलं, ऐकायला कोण कोण यायचं. हैदराबाद लागायचं का, हेही विचाराच.